गंगदत्ताची विहीर

पंचतंत्रातील गंगदत्ताची गोष्ट आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते व मोठेपणी विसरलेली असते. एका विहिरीत गंगदत्त नावाचा बेडकांचा राजा राहत असे. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून तो एके दिवशी रहाटगाडग्याच्या आधाराने वर आला, प्रियदर्शन नामक सापाच्या बिळाशी गेला, आणि माझे वैरी तेवढे खाऊन टाक अशी बोली करून त्याने त्या सापाला आपल्या विहिरीत आणून ठेवले. सापाने वैरी खाल्ले. पण वैरी संपले तरी भूक संपली नाही. मग त्याने राजाचे आप्तमित्र खाल्ले, आणि एके दिवशी राजाचा मुलगाही खाल्ला. अखेरीस दुसऱ्या विहिरींतील बेडूक भुलवून आणतो अशी सबब सांगून गंगदत्त जो बाहेर पडला तो पुन्हा परतला नाही.

दुष्टाशी सख्य करू नये, असे या गोष्टीचे तात्पर्य शाळेत सांगतात. ते खरेच आहे. तथापि वय वाढल्यावर ही गोष्ट पुन्हा वाचताना माझे लक्ष तिच्या शेवटाकडे अधिक गेले. गंगदत्त वाचला. डाव त्याने मांडला, बोली त्याने केली, सापाला वाट त्याने दाखविली; आणि प्राण गेले ते मात्र ज्यांना या बोलीची वार्ताही नव्हती त्यांचे. राजकारणातील एका फार चलाख समजल्या जाणाऱ्या युक्तीचा विचार करताना मला ही गोष्ट वारंवार आठवते. ती युक्ती अशी की, आपला प्रतिस्पर्धी कोण व्हावा हे आपणच गुपचूप ठरवावे. प्रतिपक्षातील भला व समर्थ मनुष्य मागे पडेल, आणि ज्याला सहज पाडता येईल असा उथळ किंवा आततायी मनुष्य पुढे येईल, अशी तजवीज करावी.

ही युक्ती अगदी उघड स्वरूपात पाहावयाची असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. मुख्य निवडणुकीपूर्वी प्राथमिक निवडणूक होते व तीत सामान्य मतदार तो निवडतात. कित्येक राज्यांत तर मतदाराला, तो मनाने कोणत्याही पक्षाचा असो, दुसऱ्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येते. म्हणजे शेजारच्या घरचा कर्ता पुरुष कोण असावा यावर आपले मत नोंदविण्यास दार उघडेच. १९६६ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पॅट ब्राउन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. प्रतिपक्षात, म्हणजे रिपब्लिकन पक्षात, सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर आणि राजकारणात नवखा असलेला एक सिनेनट असे दोघे उमेदवारीसाठी झगडत होते. ख्रिस्तोफर मवाळ वृत्तीचे व अनुभवी. त्यांच्याशी गाठ पडू नये म्हणून ब्राउन यांच्या माणसांनी त्यांच्या दुधाच्या धंद्यातील एक जुने खटल्याचे प्रकरण उकरून काढून वर्तमानपत्री लेखकाच्या हाती दिले. ख्रिस्तोफर पडले, नटाला उमेदवारी मिळाली. आणि नोव्हेंबरात त्याच नटाने ब्राउन यांचा सुमारे १० लाख मतांनी पराभव केला. त्याचे नाव रोनाल्ड रेगन. पुढे १९८१ पासून आठ वर्षे तो त्या देशाचा अध्यक्ष होता.

हा डाव दर वेळी उलटतोच असे मात्र नाही. २०१२ साली मिसुरी राज्यात क्लेअर मॅकॅस्किल या डेमोक्रॅटिक सिनेटर बाईंनी प्रतिपक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सुमारे १७ लाख डॉलर खर्चून टॉड एकिन नावाच्या उमेदवारावर जाहिराती केल्या. हा गृहस्थ फारच कर्मठ आहे, असे त्या जाहिराती सांगत. वरवर पाहता ही टीका. पण ज्या मतदारांना कर्मठ मनुष्यच हवा होता त्यांच्या कानी ती स्तुती म्हणूनच पडली. एकिन निवडले गेले, बलात्काराविषयी एक अनुदार विधान करून बसले, आणि बाई सुखाने निवडून आल्या. हा सारा बेत त्यांनी पुढे स्वतःच लिहून प्रसिद्ध केला. २०२२ साली मिशिगनमध्ये पीटर मायर या रिपब्लिकन सभासदाच्या बाबतीत असेच घडले. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदेवर जमाव चालून गेल्यानंतर स्वपक्षाच्या अध्यक्षावर महाभियोग चालवावा असे मत देण्याचे धैर्य त्या पक्षाच्या ज्या १० सभासदांनी दाखविले त्यांपैकी हा एक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचार समितीने त्याचा प्रतिस्पर्धी जॉन गिब्ज याला लाभ होईल अशा जाहिरातींवर ४ लाख डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली. मायर पडला, नोव्हेंबरात गिब्जही पडला. डाव साधला. साधलेल्या या डावाकडे मी पुढे वळणार आहे. कारण उलटलेल्या डावापेक्षा तो मला अधिक भयावह वाटतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे प्राथमिक निवडणूक नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत, त्यांत आपल्याकडील वर्धा व लातूर येथे, असा प्रयोग करून पाहिला. पण तो रुजला नाही. आपल्याकडे तिकीट बंद दाराआड ठरते. साहजिकच दुसऱ्याच्या घरात हात घालण्याची आपली रीतही निराळी आहे. प्रतिपक्षाच्या सभेत जाऊन मत देता येत नाही, म्हणून प्रतिपक्षाची जागाच भलत्या कोणाला मिळवून द्यावयाची, ही ती रीत होय. तिचे सर्वांत बोलके उदाहरण शोधण्यास मुंबईबाहेर जावे लागत नाही. लालबाग-परळपर्यंत गेले तरी पुरते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर गिरणगावात लाल बावट्याचे वजन मोठे होते. १९६७ साली कॉम्रेड डांगे याच भागातून लोकसभेवर गेले आणि त्याच वर्षी कॉम्रेड कृष्णा देसाई विधानसभेवर गेले. राज्यात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९ जून १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. ही संघटना सत्ताधाऱ्यांच्या खिशातून निघाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मराठी तरुणांची बेकारी व आपल्याच शहरात आपण परके झालो ही त्यांची व्यथा खरी होती, आणि त्या व्यथेला वाचा फोडणारा पुढारी त्यांना मिळाला होता. तथापि कम्युनिस्टांचा काटा या नव्या काट्याने निघेल, असा हिशेब काँग्रेसच्या धुरीणांनी व गिरणीमालकांनी केला, आणि सेनेवर सरकारचा हात सौम्य राहिला, याविषयी त्या काळाच्या अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. मृच्छकटिकातील नायिकेचे नाव घेऊन लोक सेनेला थट्टेने 'वसंतसेना' म्हणू लागले ते उगीच नव्हे. १९६७ च्या डिसेंबरात परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या युनियन कचेरीवर हल्ला झाला. ५ जून १९७० रोजी आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यांच्या रिकाम्या जागी त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. त्यांना हरवून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

सत्ताधाऱ्यांचा हिशेब वरकरणी बरोबर आला. गिरणगावातील लाल बावटा उतरणीला लागला. पण ज्याला आपण प्यादे समजतो त्याला स्वतःचे पाय असतात व स्वतःची वाट असते, ही गोष्ट त्या हिशेबात धरलेली नव्हती. १९८५ च्या महापालिका निवडणुकीपूर्वी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे अशा आशयाचे उद्गार मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी काढले. स्वपक्षातील मुंबईकर पुढाऱ्यांना शह देण्यासाठी त्यांनी ते काढले असे तेव्हापासून बोलले जाते. त्या उद्गारांनी सेनेच्या हाती आयते शस्त्र दिले व महापालिका तिच्याकडे गेली. आणखी १० वर्षांनी, १४ मार्च १९९५ रोजी, शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि काँग्रेस विरोधी बाकांवर जाऊन बसली. सेनेच्या अनुयायांना हा न्याय्य विजय वाटला असेल, व तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. माझा प्रश्न ज्यांनी तिला साधन म्हणून वापरू पाहिले त्यांना आहे.

पण गंगदत्तापेक्षा विहिरीचे काय झाले हे पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वेळी त्यांच्यातच वाढलेला, वाटाघाटी कुठवर ताणाव्या आणि कोठे सोडाव्या हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणणारा पक्ष खिळखिळा होऊन पडला होता, कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांचे दार ठोठावले. संप चिघळला, गिरण्या मिटत गेल्या, आणि आज त्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. या सर्वाचे खापर त्या जुन्या डावावर फोडणे अन्यायाचे होईल. यंत्रमागांची स्पर्धा, मालकांचे धोरण, जमिनीचे वाढलेले मोल अशी अनेक कारणे होती. परंतु ज्या दिवशी कामगाराला अनुभवी वकिलाची सर्वांत अधिक गरज होती, त्या दिवशी त्याचा जुना वकील मोडून पडलेला होता, आणि तो मोडण्यात ज्यांचा हात होता त्यांपैकी कोणाच्याही घरची चूल त्यामुळे विझली नाही.

हा प्रकार मुंबईपुरता मानू नये. पंजाबात अकाली दलाला शह देण्यासाठी काँग्रेसच्या काही पुढाऱ्यांनी भिंद्रनवाले यांना उत्तेजन दिले, आणि अकालींचे माहेरघर असलेल्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या १९७९ च्या निवडणुकीत त्यांच्या गोटातील उमेदवार उभे राहिले, हे अनेकांनी लिहून ठेवले आहे. ते उमेदवार बहुतेक पडले. पण साप विहिरीत उतरला होता. १९८४ साली त्याची किंमत कोणी कोणी मोजली हे सांगावयास नको.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, सामदामादी उपायांत भेदाला कौटिल्यापासून मान आहे. राजकारण म्हणजे हरिकथा नव्हे. या आक्षेपाला उत्तर देणे अवश्य आहे. कौटिल्याचा भेद परराज्यासाठी सांगितलेला आहे. शत्रूच्या राजधानीत मूर्ख राजा गादीवर बसला तर आपल्या प्रजेचे काही बिघडत नाही. परंतु लोकसत्तेत प्रतिपक्ष हे परराज्य नव्हे. उद्या आपण चुकलो, थकलो किंवा मातलो तर ज्याच्या हाती आपल्याच घरांच्या किल्ल्या जावयाच्या आहेत, तो हा मनुष्य. पाच वर्षांनी म्हणा, पंचवीस वर्षांनी म्हणा, त्याची पाळी येतेच. ब्राउन यांच्या बाबतीत तर ती पाच महिन्यांत आली. तेव्हा वाईटात वाईट प्रतिस्पर्धी निवडणारा मनुष्य जुगार खेळत असतो, आणि पणाला लावलेले धन त्याचे स्वतःचे नसते. स्वतःची जमीन पणाला लावणाऱ्याला आपण फार तर मूर्ख म्हणू. गावाची विहीर पणाला लावणाऱ्याला निराळा शब्द शोधावा लागेल.

आता साधलेल्या डावाविषयी. मायर या गृहस्थाने आपल्या पक्षाचा रोष पत्करून एक प्रामाणिक मत दिले, आणि ज्या पक्षाने त्या मताची जाहीर प्रशंसा केली त्याच पक्षाने पैसा ओतून त्याला घरी पाठविले. पुढच्या वेळी अशाच प्रसंगी कोणी सभासद मनाशी विचार करील तेव्हा त्याला काय दिसेल? धैर्य दाखविले तर स्वकीय शिक्षा करतात आणि परकीय त्या शिक्षेचा खर्च उचलतात. असा धडा दहा-वीस वेळा गिरवून घेतला की दोन्ही पक्षांत धैर्याचे बी उरणार नाही. जिंकणाऱ्याचेही यात कल्याण नाही. लालबाग-परळच्या व्यायामशाळांत कबड्डी खेळलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे की, कच्च्या गड्यांशी सामने घेणारा संघ वर्षाअखेर स्वतःच कच्चा होतो.

मग प्रतिपक्षाच्या निवडीविषयी आपण मौनच पाळावे काय? तसे मी म्हणत नाही. समोरच्या घरात दोन माणसे पुढे येत असतील आणि त्यांतला अधिक चांगला निवडला जावा असे कोणी उघडपणे बोलला, किंवा नियमाने मुभा असेल तेथे त्याला मतही दिले, तर तो शेजारधर्म आहे. वाईटाला हात देणे हे मात्र विषप्रयोगाच्या जातीचे. दोहोंतला भेद ओळखण्याची एक कसोटी जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट याच्या १७९५ सालच्या शाश्वत शांतीवरील निबंधातून घेता येते: जे कृत्य त्यामागील हेतू जाहीर करताच निष्फळ होते ते कृत्य अन्याय्य समजावे. "आम्ही तुमच्या उमेदवाराची प्रसिद्धी करीत आहोत, कारण तो नालायक आहे व आम्हाला तोच हवा आहे," असे जर जाहिरातीच्या तळाशी छापले तर ती जाहिरात कोणाला फसवील? जे सांगता येत नाही त्यावरच ज्याचे यश उभे आहे, ते कपट. त्याला डावपेच म्हटल्याने त्याचा वर्ण बदलत नाही.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असतो तर इतक्या आग्रहाने लिहिले नसते. तीसएक वर्षांपूर्वी मी नुकताच अध्यापक झालो होतो व गिरगावात एका चाळीत राहत होतो. चाळीची दुरुस्ती तोंडावर आली होती आणि चाळ समितीत दोन तट पडले होते. समोरच्या तटाचे लोक चिटणीसपदासाठी आपला उमेदवार ठरविण्यास एका संध्याकाळी अंगणात जमणार होते. डाकखात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ, आम्ही सर्व त्यांना तात्या म्हणत असू, ठरतील हे उघड होते. आणि तात्या उभे राहिले तर आमचा मनुष्य पडेल हेही तितकेच उघड होते. त्याच तटात एक फार आरडाओरडा करणारे गृहस्थ होते. आमच्यापैकी पाच-सहा तरुण त्या सभेत जाऊन बसले व त्यांनी त्या गृहस्थांसाठी हात वर केले. ही कल्पना माझी होती. थोड्या हातांच्या फरकाने तात्या मागे पडले, आणि आम्ही रात्री इराण्याकडे जाऊन आपल्या चातुर्याचा चहा प्यालो.

महिन्याभरात मुख्य निवडणूक झाली आणि ते ओरडणारे गृहस्थ निवडून आले. अधिकाऱ्यांना चार शब्द सुनावील असा मनुष्य पाहिजे, असे चाळीतल्या लोकांना वाटले. तीन वर्षे हिशेबाची वही कोणाला दिसली नाही. वर्गणी गोळा झाली, जिना मात्र टेकूवरच राहिला. एका पावसाळ्यात त्या जिन्यावरून एक वृद्ध बाई पडल्या व पुन्हा चालू शकल्या नाहीत. तोवर मी दादरला राहावयास गेलो होतो.

पुढे एकदा तात्यांना भेटावयास गेलो आणि धीर करून सारे सांगितले. त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होते. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तू मला पाडले असतेस तर मी काही बोललो नसतो. लोकांनी पाडले, असे म्हणालो असतो. तुम्ही मला उभेच राहू दिले नाहीत." आणि मग जिन्याकडे पाहून म्हणाले, "आणि तू तर इथे राहिलाही नाहीस."

त्या दुसऱ्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते व आजही नाही. पहिल्या वाक्यात मात्र मला निवडणुकीचे सारे नीतिशास्त्र सामावलेले दिसते. हरविण्याचा हक्क आपल्याला आहे. तो उघड्या मैदानात, लोकांच्या देखत बजावावा. समोर कोण उभे राहावे हे ठरविण्याचा हक्क समोरच्यांचा आहे. तो चोरून घेतला म्हणजे प्रतिपक्षाची हानी होते ती थोडी. अधिक हानी होते ती जे कोणत्याच पक्षात नाहीत आणि ज्यांना जिना रोज चढावयाचा आहे, त्यांची. म्हणून आपलाच पक्ष अशी युक्ती योजीत आहे असे ज्याच्या कानी येईल, त्याने प्रतिपक्षाच्या कीवेखातर नव्हे, तर त्या जिन्याखातर आपल्या पुढाऱ्याला अडवावे. बाहेरच्या माणसाचे तो ऐकणार नाही. ऐकला तर आपल्यातल्याचेच ऐकेल. त्या रात्री इराण्याच्या टेबलाशी आमच्यापैकी एकाने जरी तसे म्हटले असते, तर मी थांबलो असतो असे मला वाटते.